कुणीतरी थांबेल

“अहो, चला. थांबेल कुणीतरी.”

हे वाक्य माझं आहे. डिसेंबर २००५, रात्रीचे साडेआठ-नऊ. बारामतीकडचं एक लग्न आटोपून आम्ही सोलापूर रस्त्यानं पुण्याला परतत होतो. यवत मागे पडलं होतं. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, अंगावर माझी शाल. दिव्यांच्या झोतात आधी एक चप्पल दिसली, रस्त्याच्या मधोमध, उलटी पडलेली. मग आडवी मोटारसायकल, आणि तिच्यापलीकडे साइडपट्टीवर एका कुशीवर पडलेला माणूस. त्याचा हात हलत होता. ह्यांनी गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी ते वाक्य बोलले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि आम्ही निघालो. सगळं मिळून आठ-दहा सेकंद.

त्या आठ-दहा सेकंदांत मनात जे जे आलं, ते मला आजही जसंच्या तसं सांगता येतं. मुलगी जागी होईल, रक्त बघेल. रात्रीची वेळ आहे, हा लुटारूंचा डाव असला तर? पोलीस आपल्यालाच विचारतील, धडक कुणी दिली म्हणून. मग कोर्टाच्या तारखा. शिवाय मला येतं काय, मी डॉक्टर थोडीच आहे. आणि मागून एवढ्या गाड्या येतायत. यातलं एकही कारण मी बनवलेलं नव्हतं, सगळी खरी होती. म्हणूनच ती इतक्या सहज पटली.

त्या माणसाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा जिल्ह्याचं पान मी उघडलंच नाही.

सहा वर्षांनी, २०११ च्या श्रावणात, माझे वडील सासवडहून पहाटे स्कूटरवर माझ्याकडे हडपसरला यायला निघाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वय अडुसष्ट, पण स्कूटर सोडायला तयार नव्हते. पुढच्या बाजूला सीताफळांची पिशवी लटकवलेली. रात्रभर पाऊस झाला होता. दिवे घाट उतरताना मागून आलेल्या एका गाडीचा निसटता धक्का लागला, अण्णा कठड्याच्या बाजूला फेकले गेले आणि ती गाडी तशीच खाली निघून गेली. नंतर अण्णांनी सांगितलं, “मी शुद्धीवर होतो गं. चार गाड्या गेल्या. दिवा जवळ यायचा, वाटायचं हा थांबेल. मग तो दिवा पलीकडच्या वळणावर दिसायचा.”

पाचवी गाडी भाजीचा टेम्पो होता. पुरंदर तालुक्यातल्या एका गावातून कोथिंबीर भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे चाललेला. ड्रायव्हर आणि बरोबरचा पोरगा, दोघे उतरले. ड्रायव्हरनं खांद्यावरचा टॉवेल काढून अण्णांच्या डोक्याला घट्ट गुंडाळला. हौद्यातल्या जुड्या बाजूला सारून जागा केली आणि अण्णांना उचलून आत निजवलं. दवाखान्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रक्ताच्या वासाआधी कोथिंबिरीचा वास आला. शर्टाच्या कॉलरमध्ये, कानामागे, केसांत, सगळीकडे हिरवी पानं चिकटलेली होती. नर्स चिमट्यानं एकेक पान काढत होती.

पहिल्या दवाखान्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. “ही पोलीस केस आहे. आधी चौकीत वर्दी द्या, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्या.” दुसऱ्या दवाखान्यानं घेतलं, पण आधी डिपॉझिट मागितलं. ड्रायव्हरच्या खिशात डिझेलचे म्हणून बाराशे रुपये होते, त्यातले हजार त्यानं भरले. सीताफळांची पिशवीही त्यानं घाटातून उचलून आणली होती. ती वॉचमनकडे ठेवून म्हणाला, “घरची माणसं आली की द्या, आणि काही लागलं तर मार्केट यार्डात अमक्या गाळ्यावर सांगा.” मी पोचले तेव्हा तो तिथे नव्हता. चौकीत होता. धडक तूच दिलीस का, हे त्याला निरनिराळ्या तऱ्हेनं दुपारी बारापर्यंत विचारलं गेलं. तोवर लिलाव केव्हाच उरकला होता आणि ताडपत्रीखाली गरम होऊन कोथिंबीर पिवळी पडली होती.

पुढे वाचनात आलं की त्या पहिल्या दवाखान्याला असं परत पाठवण्याची मुभा तेव्हाही नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं होतं. परमानंद कटारा यांनी एका वर्तमानपत्रातली बातमी घेऊन याचिका केली होती. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं, कुणा भल्या माणसानं त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोलीस केस म्हणून २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे बोट दाखवलं आणि तो वाटेतच गेला. न्यायालयानं निकाल दिला की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जखमी माणसाला आधी वाचवायचं, कागद नंतर. कायद्याच्या कुठल्याही सोपस्कारासाठी उपचार थांबवायचे नाहीत. हा निकाल २२ वर्षांचा होत आला होता, आणि हडपसरमधल्या एका दारात उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याला तो कुणी सांगितलेला नव्हता. दारातल्या माणसालाही बहुधा नसावा.

पाच आठवड्यांनी अण्णा हिंडू-फिरू लागले आणि पहिलं काम म्हणून मला घेऊन मार्केट यार्डात गेले. हातात तीन पिशव्या. एकीत हजार रुपये आणि वर कोथिंबिरीचे म्हणून काही, दुसरीत पेढे, तिसरीत तो टॉवेल, धुऊन, इस्त्री करून. डाग गेला नव्हता, तपकिरी सावलीसारखा राहिला होता. ड्रायव्हर चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. हजार रुपये त्यानं घेतले, मोजलेसुद्धा. कोथिंबिरीचे घेईना. बरीच ओढाताण झाल्यावर अर्धे घेतले. टॉवेल मात्र परत केला. “राहू द्या, काका. तुमच्या गाडीत ठेवा. लागंल कुणाला.”

मला एक विचारायचंच होतं. म्हटलं, “इतका त्रास झाला, दिवस बुडाला. परत असं दिसलं तर थांबाल?”

तो माझ्याकडे जरा नवलानं बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, ते तिथं जाऊन ठरवायचं नसतंय. तिथं डोकं चालत नाही. आमच्या लायनीत ते आधीच ठरल्यालं असतंय. दिसलं की थांबायचं.”

या एका वाक्यावर मी गेली कितीतरी वर्षं विचार करते आहे. अनोळखी जखमीसाठी थांबावं की थांबू नये, हा प्रश्न आपण माणुसकीचा म्हणून मांडतो. ज्याला कळवळा तो थांबतो, ज्याचं काळीज दगडाचं तो पुढे जातो. मला ते खरं वाटत नाही. माझं काळीज दगडाचं नव्हतं. त्या रात्री घरी पोचल्यावर मी जेवले नाही, पुढे कितीतरी रात्री ती चप्पल डोळ्यांपुढे यायची. कळवळा भरपूर होता. आधी ठरवलेलं काही नव्हतं. मी तो प्रश्न आठ सेकंदांत सोडवायला बसले, आणि आठ सेकंदांत भीती नेहमीच जिंकते, कारण तिची उत्तरं तयार असतात.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसवलेला. काहींना सांगितलं होतं, सावकाश जा, वेळ आहे. काहींना सांगितलं, आधीच उशीर झालाय, पळा. सावकाश जाणाऱ्यांपैकी शेकडा ६३ थांबले. घाईत असलेल्यांपैकी फक्त शेकडा १०. यातल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली ती दयाळू शोमरोन्याची गोष्ट, वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला उचलून धर्मशाळेत नेणाऱ्या आणि त्याच्या खर्चाचे पैसेही भरणाऱ्या प्रवाशाची. तीच गोष्ट सांगायला निघालेले काहीजण त्या कण्हणाऱ्याला ओलांडून गेले. भाषणाच्या विषयानं फारसा फरक पडला नाही, फरक पडला तो घाईनं. तो प्रयोग वाचताना मला त्या विद्यार्थ्यांचा राग आला नाही. यवतच्या पुढचा रस्ता आठवला. आपल्यालाही गोष्ट पाठ असते. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजणारे एकनाथ लहानपणापासून ऐकलेत आपण. गोष्ट पाठ असून थांबणं होत नाही.

आणि ‘कुणीतरी’ या शब्दाचं काय करायचं? डार्ली यांनीच बिब लाताने यांच्याबरोबर १९६८ मध्ये दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. शेजारच्या खोलीत कुणाला झटका आलाय असं ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं, तेव्हा १०० पैकी ८५ जण लगेच मदत मागायला धावले. आपल्याबरोबर आणखी चौघे हे ऐकतायत असं वाटलं, तेव्हा ३१. गर्दी वाढली की जबाबदारी वाटली जाते आणि वाटून वाटून प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. सोलापूर रस्त्यावर त्या रात्री माझ्या मागे निदान वीस गाड्या असतील. त्या वीसही गाड्यांत बहुधा कुणीतरी हेच म्हणत असेल.

आता भीतीबद्दल. पोलीस आणि कोर्ट यांची जी धास्ती मला वाटली, ती माझी एकटीची नव्हती. दिल्लीत २००७ मध्ये एका शाळकरी मुलाला गाडीनं उडवलं. तो अर्ध्या तासाहून अधिक वेळ रस्त्यावर मदत मागत राहिला आणि तिथेच गेला. त्याच्या नात्यातले पीयूष तिवारी यांनी त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. २०१३ मध्ये या संस्थेनं केलेल्या पाहणीत १०० पैकी ७४ जणांनी सांगितलं की गंभीर जखमीला मदत करायला आपण बहुधा पुढे होणार नाही. त्यातल्या ८८ टक्क्यांचं कारण एकच, पोलीस चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या. संस्था २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. केंद्र सरकारनं मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं त्यांना कायद्याइतकं बळ दिलं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं, २०२० मध्ये त्याचे नियम आले.

हे नियम प्रत्येकानं एकदा तरी मन लावून वाचावेत, इतके ते साध्या माणसाची बाजू घेणारे आहेत. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, पोलीसही नाहीत आणि रुग्णालयही नाही. पोचवलं, की तो निघून जाऊ शकतो. त्याच्याकडून उपचाराचे पैसे मागायचे नाहीत. चांगल्या हेतूनं मदत करताना हातून काही चूक झाली, जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. आणि तो आपणहून साक्षीदार व्हायला तयार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी, पोलिसांनी साध्या वेशात येऊन एकदाच जबाब घ्यायचा. त्या ‘साध्या वेशात’ या शब्दांपाशी मी थबकले. ज्यानं कुणी ते लिहिलं, त्याला आपल्याकडच्या गल्ल्या माहीत असणार. दारात खाकी कपडे दिसले की वाड्यातल्या चार खिडक्या उघडतात आणि पुढे आठवडाभर काय बोललं जातं, हे जाणून कुणीतरी ते शब्द कायद्यात घातले.

पण ही गोष्ट दारापर्यंत पोचली का? सेव्हलाइफच्याच २०१८ च्या पाहणीत १०० पैकी ८४ जणांना असं काही संरक्षण आहे, हेच ठाऊक नव्हतं. नियमांप्रमाणे प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठी, हिंदी, इंग्रजीत मदत करणाऱ्याच्या हक्कांचा फलक हवा. मी गेल्या वर्षी आमच्या भागातल्या तीन रुग्णालयांत तो शोधला. दोन ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलींना मी काय विचारतेय तेच कळेना. तिसऱ्या ठिकाणी फलक होता, पाण्याच्या कूलरच्या मागे. कूलर सरकवा, एवढं मी सांगून आले. सरकवला की नाही, बघायला पुन्हा जायचं आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला ४६० हून अधिक. यात महाराष्ट्राचे पंधरा हजारांवर. विधी आयोगानं २००६ च्या २०१ व्या अहवालात म्हटलं होतं की वेळेवर उपचार मिळते तर अशी निम्मी माणसं वाचू शकतात. आकडा मोठा झाला की त्यातला माणूस दिसेनासा होतो, म्हणून मी तो असा वाचते: चार गाड्या निघून गेल्यावर पाचवी आली नसती, तर अण्णा त्या आकड्यात असते. ते त्यानंतर सात वर्षं जगले. नातीला स्कूटर शिकवली. सासवडच्या घरामागे दोन सीताफळांची झाडं लावली, त्यांतलं एक आता फळतं.

सरकारनं २०२१ मध्ये गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला ५,००० रुपयांचं बक्षीस ठेवलं, २०२५ मध्ये ते २५,००० केलं. पैशासाठी का कुणी माणुसकी करतं, असं यावर काहीजण नाक मुरडतात. मला ते बोलणं आवडत नाही. ज्यांचा एक दिवस बुडला तर घरी काही अडत नाही, त्यांनाच असं बोलणं परवडतं. तो टेम्पो उभा राहिला तेव्हा त्याच्या हौद्यात एका शेतकऱ्याची कोथिंबीर होती. डिझेलचे हजार रुपये गेले, लिलाव गेला, आडत्याची बोलणी खावी लागली. हे बक्षिसाचे पैसे मी तरी त्या दिवसाच्या कोथिंबिरीचे म्हणून मोजते.

काही शंका मात्र खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. माझ्या मुलीनं मला विचारलं, “आई, मी रात्री अकराला एकटी गाडीत असले आणि सुनसान रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर?” मी तिला सांगितलं, काचा खाली घेऊ नकोस, उतरू नकोस. जमलं तर जरा पुढे, उजेडात गाडी लाव, दिवे चालू ठेव आणि ११२ लाव. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ सुद्धा आहे. किलोमीटरचा दगड, जवळचं हॉटेल, पूल, जे दिसेल ते सांग. पुढच्या टोलनाक्यावर किंवा ढाब्यावर थांबून तिथल्या चार माणसांना सांग. उतरणं तुझ्या हातात नसेल, पण त्या माणसाची खबर पोचवणं आहे. तेवढं केल्याशिवाय घरी यायचं नाही. २००५ मध्ये आमच्याकडे मोबाइल होता. दोघांकडेही होता. मी नुसतं यवतच्या पोलीस ठाण्याला कळवा म्हणू शकले असते. तेही मला सुचलं नाही, कारण ‘थांबेल कुणीतरी’ म्हटलं की पुढचं सगळंच सुचायचं बंद होतं.

दुसरी शंका, मदतीनंच अपाय झाला तर? तीही खरी. अण्णांना त्या दोघांनी हातापायांना धरून उचललं. डॉक्टर नंतर म्हणाले, मानेला मार नव्हता हे नशीब, असता तर त्या उचलण्यानं आयुष्यभराचं अपंगत्व आलं असतं. ड्रायव्हरची चूक नव्हती, तेव्हा घाटात थांबून राहण्यात अर्थही नव्हता. आज आपल्याकडे १०८ आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्यामुळे गाडीला आग, दरड, पाणी असं काही अंगावर येत नसेल तर जखमीला हलवायचं नाही. मान आहे तशी राहू द्यायची. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट काढायचं नाही. पाणी पाजायचं नाही, माणूस कितीही कासावीस होऊन मागत असला तरी. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि किती थांबलं हे बघायला सारखं सारखं उचलायचं नाही. मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायला एकाला उभं करायचं. एवढंच. हे शिकायला एक रविवार सकाळ पुरते. मी शिकले तेव्हा वर्गात सोळाजण होतो, त्यातले नऊ रिक्षावाले.

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक बस दरीत कोसळली. गोरेगावचं ढोल-ताशा पथक पिंपरी-चिंचवडचा कार्यक्रम करून परतत होतं. १३ जण गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. अंधारात, दोर लावून जी माणसं खाली उतरली आणि जिवंत मुलांना वर घेऊन आली, त्यांत खोपोलीचे गिर्यारोहक होते, तिथली अपघाताची खबर लागताच निघणारी मंडळी होती. त्यांचे दोर कायम तयार असतात, एकमेकांचे नंबर असतात, कोण काय करणार हे वाटलेलं असतं. फोन आल्यावर, जावं का, असा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच. टेम्पोवाला म्हणाला होता तेच, आधीच ठरल्यालं.

गेल्या पावसाळ्यात, संध्याकाळी साडेसहाला, कोंढव्याच्या रस्त्यावर माझ्यापुढे एक डिलिव्हरीवाला मुलगा खडीवरून घसरला. पाठीवरची चौकोनी बॅग फुटली, रस्त्यावर आमटी आणि भात पसरला. मांडीत गाडीचं काहीतरी घुसून निघालं होतं आणि पँट झपाट्यानं काळी होत होती. वीस-पंचवीस माणसं जमली. तिघांचे मोबाइल वर झालेले. कुणी पुढे येत नव्हतं, आणि कुणी जातही नव्हतं. मी गाडी आडवी लावली, डिकीतून टॉवेल काढला. गुडघे टेकून बसले आणि टॉवेलची घडी जखमेवर दोन्ही हातांनी दाबली. मग वर बघून एकाकडेच बोट केलं, “तुम्ही, निळा शर्ट. १०८ लावा. लागला की मला सांगा.” तो दचकला आणि लगेच लावला. सगळ्यांना उद्देशून सांगितलं असतं तर कुणी लावला नसता, हे मी शिकले होते. दुसऱ्या मोबाइलवाल्याला गाड्या थांबवायला उभं केलं. तोही गेला. तेही सगळे माझ्यासारखेच होते, कुणीतरी काय करायचं ते सांगण्याची वाट बघत उभे.

मुलगा एकवीस-बावीसचा असेल. सुरुवातीला सारखा ऑर्डरबद्दल बोलत होता, कस्टमर चिडेल म्हणत होता. मग पाणी मागू लागला. एका बाईनं बाटली पुढे केली, मी नको म्हटलं, ती माझ्यावर रागावली. ते सगळ्यात अवघड होतं. त्याच्याकडे न बघता मी नाही नाही म्हणत राहिले. नंतर तो गप्प झाला तेव्हा मला भीती वाटली, म्हणून त्याला विचारत राहिले, गाव कुठलं, घरी कोण, काय शिकलास. गाव परभणीकडचं. बोलता बोलता म्हणाला, “काकू, तुम्ही जाणार नाही ना?”

“नाही रे. बसलेय.”

एकोणीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या डॉक्टरनं माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं, आता सोडा, आणि टॉवेल तसाच ठेवून वरून पट्टी आवळली. हवालदारांनी नाव विचारलं, मी आपणहून सांगितलं, फोनही दिला. नंतर कुणी फोन केला नाही. मुलाचं नाव मात्र विचारायचं राहिलं.

टॉवेल त्याच्याबरोबर गेला. तोच, तपकिरी सावलीचा. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवरून एक नवा आणला, नव्या कापडाची खळ जाईपर्यंत दोनदा धुतला, आणि डिकीत ठेवला.